तळ्याकडे तोंड केलेलं फाटक

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. मी बरा आहे. खोकला आहे, पण तो दर थंडीत असतो. गुडघे कुरकुरतात, तेही जुनंच. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. कानाला लावला की मी ओरडतो, तू म्हणतेस ओरडू नका, मग मला वाटतं तू रागावलीस, आणि सांगायचं ते घशातच राहतं. पत्रात निदान कुणी मध्ये बोलत नाही. चौथीत सुटलेल्या शाळेची विद्या आहे, तेव्हा चुका सांभाळून घे. पेन मध्येच थांबतंय, शाई फिकी उमटली तर त्यातून भलता अर्थ काढू नकोस.

बातमी अशी की आपल्या वसाहतीचं फाटक फिरवायचं ठरतंय. उजव्या खांबाला वरपासून खालपर्यंत तडा गेला आहे, त्यात बोट जातं. खांब उतरवून पुन्हा बांधायचाच आहे, तर त्याच वेळी दोन्ही दारं काढून उलटी करून लावायची, म्हणजे अक्षरं रस्त्याकडे होतील, असं कमिटीचं म्हणणं. ज्यांच्या माणसांची नावं फाटकाच्या खांबांवर कोरलेली आहेत त्या सगळ्या घरांची संमती लागते. बाकीच्यांनी दिली. काही घरांत द्यायला कुणी उरलंच नाही. राहिलो मी एकटा. माझ्या हो-नाहीवर अडलंय, आणि सुट्ट्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत गवंडी यायचा आहे. नवीन सेक्रेटरीणबाई दर दोन-चार दिवसांनी येऊन बसते. चांगली मुलगी आहे, आवाज चढवत नाही. "आजोबा, आम्ही फाटक मोडत नाही आहोत हो, नुसतं फिरवतोय," म्हणते. मी म्हटलं, "बाई, माणूस नुसतं तोंड फिरवतो तेव्हाही काही मोडत नाही." ती हसली आणि चहाचा कप स्वतः विसळून ठेवून गेली. तेव्हापासून माझी झोप गेली आहे. हो म्हणावं तरी भीती, नाही म्हणावं तरी भीती.

तुला हे फाटक आवडत नाही. पण त्याचं सगळं तुला कुणी सरळ सांगितलंही नाही. तू लहान होतीस तेव्हा आम्ही तुझ्यासमोर बोलायचं टाळायचो, आणि तू मोठी झाल्यावर या विषयावर आपण भांडलो, बोललो कधी नाही. तेव्हा एकदा माझ्या तोंडून ऐक.

इथल्या घरांना आता सगळे कॉटेज म्हणतात, आम्ही खोपट म्हणायचो. दोरखंडाच्या कारखान्यातल्या आम्हा कामगारांना तळ्याकाठची ही पट्टी मिळाली तेव्हा इथे यायला रस्ता नव्हता. पलीकडच्या काठावर आगगाडी थांबायची आणि तिथून नावेनं यायचं. गाद्या, पत्रे, खिडक्यांच्या काचा, म्हातारी माणसं, सगळं नावेतून. त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या डोक्यात येणं म्हणजे तळ्याकडून येणं. धक्का हे वसाहतीचं तोंड आणि मागचं रान ही पाठ. नावाडी नाव धक्क्याला लावायचा आणि त्याची बायको, जिला आपण सगळे नावाडीण म्हणायचो, ती काठावर उभी राहून प्रत्येकाला एकच म्हणायची, "आलात? बरं झालं." कारखान्याचा मॅनेजर असो नाही तर माझ्यासारखा दोर पिळणारा. एकदा कुणाचं तरी बोकड नावेतून उतरलं, त्यालाही म्हणाली. तुझा मामा त्यावरून तिला आयुष्यभर चिडवायचा.

ज्या दिवशी नाव बुडाली त्या दिवशी तुझी आई पलीकडे दाढ काढायला गेली होती. आठवडाभर गाल सुजला होता, रात्री झोपायची नाही, माझ्यावर डाफरायची, म्हणायची, "तुम्हाला एकदा दुखायला हवी, मग कळेल." मी म्हटलं, जा बाई, एकदाची काढून ये. नंतर मी त्या दातांच्या डॉक्टरांना भेटायला गेलो होतो. का गेलो ते सांगता येत नाही, तिला शेवटचं कुणी पाहिलं ते मला पाहायचं होतं. ते म्हणाले, दाढ लगेच निघाली, बाई तोंडात कापूस धरून हसत होत्या, खुणेनं म्हणाल्या की सुटले. परतीच्या फेरीत नावेत छपराचे पत्रे होते. धुकं उतरलं, नाव कशाला तरी घासली, पत्रे एका अंगाला सरकले. बस. नावाडी गेला, शेवटच्या खोपटातलं नवराबायकोचं जोडपं गेलं, शिंप्याचे दोन्ही मुलगे गेले, तुझी आई गेली. एकेक करून सगळे सापडले, ती सापडली नाही. बाकीच्यांना निदान माती देऊन हात धुता आले. माझे हात तसेच राहिले.

त्यानंतर कुणी नावेत पाय ठेवीना. कारखान्यानं रानातून रस्ता काढून दिला, आणि रस्त्याच्या तोंडाशी गेलेल्यांच्या आठवणीसाठी फाटक बांधायचं ठरलं. दगडी खांब गवंड्यानं बांधायचे, लोखंडी दारं तुझ्या मामानं, तो कारखान्यात वेल्डर होता म्हणून. दारांवर पट्टीची अक्षरं वाकवून जोडायची, आणि शब्द नावाडिणीचेच, 'आलात? बरं झालं.' एका दारावर एक, दुसऱ्यावर दुसरं. ते दोघे रोज भांडायचे. मामा म्हणायचा, "तुझा खांब वाकडा आहे," गवंडी म्हणायचा, "तुझी नजर वाकडी आहे." पण अक्षरं कुठल्या बाजूला यावीत यावर मात्र दोघांचं भांडण झालं नाही. येणाऱ्याला दिसतील अशी. आणि येणारा तर तळ्याकडून येणार! जन्मभर तसंच पाहिलेलं. खांबांवरची नावंही गवंड्यानं त्याच बाजूला कोरली. आम्ही सगळे आतल्या बाजूला उभे राहून वाहवा करत होतो, एकाच्याही ध्यानात आलं नाही.

उद्घाटनाला मॅनेजरसाहेब मोटारीतून, नव्या रस्त्यानं आले. फाटकाबाहेर उतरले, मान इकडे तिरकी केली, तिकडे तिरकी केली, आणि म्हणाले, "छान आहे. कुठली भाषा आहे ही?" मामा पळत बाहेर गेला आणि तिथेच खिळला. त्या बाजूनं सगळी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. गवंडी म्हणाला, "मला काय, मला जशी दिली तशी मी बसवली." मामा म्हणाला, "तुला डोळे दिले होते का बसवायला?" लोक हसायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वसाहतीत कुणी हसत होतं. मामा म्हणाला, आत्ता काढतो, संध्याकाळपर्यंत फिरवून देतो. तेव्हा नावाडीण पुढे आली. दारावर हात ठेवून म्हणाली, "राहू दे रे. ज्यांच्यासाठी बांधलंय ते काय मोटारीतून येणार आहेत?"

भिंगरी, तिनं काही मोठ्यानं म्हटलं नाही. पण सगळ्यांचं हसू जिथल्या तिथे थांबलं, आणि सगळ्यांनी माना वळवून तळ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. पाणी अगदी सपाट होतं. मामानं हातातला पाना खाली ठेवला.

त्या संध्याकाळपासून ती पाळी सुरू झाली. अंधार पडायच्या आधी, ज्यांचं माणूस गेलं त्या घरांपैकी एकानं जायचं, कडी काढायची, आणि उजवं दार माणूस आत शिरेल एवढं उघडं ठेवायचं. सकाळी जाऊन लावायचं. कुणी ठरवलं नव्हतं. नावाडिणीनं पहिल्या दिवशी केलं, दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या बायकोनं, मग मी. पुढे नावाडीण गेली. शिंपी खोपट विकून गेला. एकेक घर गळत गेलं तशी त्यांची पाळी माझ्याकडे येत गेली. मी कुणाला नाही कसं म्हणणार? ज्यांचं सापडलं होतं ते सोडू शकत होते. माझं माणूस अजून बाहेर होतं.

तू म्हणशील, बाबा, तेच ते पुन्हा. हो, तेच ते. तुझ्या लग्नाच्या रात्री मी जेवण होताच शेवटच्या बसनं परत आलो, ते या पाळीपायी. तुझं बाळंतपण झालं तेव्हा बाळाला पाहून, टोपडं देऊन, दुपारीच निघालो. तुझ्या घरी माझ्यासाठी खाट घालून ठेवलेली असायची, तिच्यावर मी एकदाही झोपलो नाही. तू म्हणाली होतीस, "आईला तळ्यानं नेलं आणि तुम्हाला फाटकानं. माझ्या वाटणीला काय आलं?" मी तेव्हा चिडलो. त्यानंतर तू इथे यायचं सोडलंस.

आता भीतीचं सांगतो, कारण भीती समजल्याशिवाय माझं वागणं तुला समजायचं नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. पण घाबरायला विश्वास लागतोच असं नाही. काही सकाळी मी जातो तर दार मी ठेवलं होतं त्याहून जास्त उघडं असतं. वारा असेल. एकदा खालच्या आडव्या पट्टीला तळ्यातलं शेवाळ चिकटलेलं होतं, ओलं, नुकतं आणल्यासारखं. एखादं कुत्रं पाण्यातून येऊन अंग झटकून गेलं असेल. थंडीत लोखंड कुरकुरतं, तुझा मामा म्हणायचा की लोखंडाला रात्री स्वतःशी बोलायची सवय असते. हे सगळं मला कळतं. पण एका पहाटे पडवीत लवंगेच्या तेलाचा वास आला. दाढेला लावायचं ते तेल. माझ्या तोंडात आता दाढच नाही तर घरात ते तेल कुठून असणार? मी सगळ्या बाटल्या उघडून हुंगल्या. मग पडवीत उभा राहून म्हटलं, आत ये, थंडी आहे. आणि आत पळत जाऊन दाराला कडी लावली. बघ, मीच बोलावतो आणि मीच कडी लावतो. असा मी आहे. एवढी वर्षं वाट पाहतोय आणि ती खरंच आली तर मी काय करीन हे मला माहीत नाही.

म्हणून सेक्रेटरीणबाईला मी हो म्हणत नव्हतो. फाटक फिरलं तर तळ्याकडून येणाऱ्याला पाठ दिसेल. उलटी अक्षरं दिसतील. तिला वाटेल, माझी वाट पाहायचं सोडलं यांनी. तू हसशील, पण हे माझ्या मनातून जात नव्हतं. तिला शोधताना मी गळ टाकून टाकून तळं ढवळलं होतं, सापडली नाही, तेव्हा निदान एवढं तरी तिच्यासाठी असावं.

आणि मग गेल्या आठवड्यातली ती संध्याकाळ. धुकं होतं. मी दार उघडं ठेवून आलो होतो आणि पडवीतल्या बाकावर बसलो होतो. इथून फाटक दिसतं, धुक्यात थोडं. फाटकाच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला, एक बाई उभी दिसली. गजांना हात लावून. मान एका अंगाला कललेली, जशी तुझी आई काही समजलं नाही की करायची. तेच खांदे, तसंच एका पायावर भार देऊन उभं राहणं. केस मात्र पिकलेले होते. मला वाटलं, म्हणजे तिकडेही वय वाढतं तर. आपल्याला उगाच वाटतं की गेलेली माणसं तेवढीच राहतात. मला तिची दया आली. एवढी वर्षं चालून थकली असेल, आणि चुकून रस्त्याच्या बाजूनं आली, म्हणून तिला अक्षरं वाचता येत नाहीत. या वेळी मी आत पळालो नाही. सगळा जीव गोळा करून हाक मारली. मी तिला थट्टेनं ज्या नावानं बोलवायचो त्याच नावानं. "मालकीणबाई!" म्हटलं. "मालकीणबाई, दार उघडंच आहे, या ना आत!"

तिनं गजांवरचे हात काढून घेतले. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग पाठ फिरवून धुक्यात चालायला लागली. मी बाकाचा हात धरून उठेपर्यंत रस्ता रिकामा होता. मी घरात येऊन रडलो. मला वाटलं, आली होती आणि माझ्या आवाजानं बिथरून गेली.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर दुकान चालवणारी बाई माझ्या दारात. हातात कापडी पिशवी. म्हणाली, "तुमची लेक काल ठेवून गेली. मी आले होते ते बाबांना सांगू नका म्हणाली, पण माझ्या पोटात काही राहत नाही, ते तिला काय माहीत!" मी विचारलं, किती वाजता? ती म्हणाली, "संध्याकाळच्या बसनं उतरली, तुमच्याकडे म्हणून गेली आणि लगेच परत आली की. शेवटच्या बसची वाट बघत माझ्या स्टुलावर बसली होती. रडत होती असं म्हणणार नाही, पण नाक सारखं ओढत होती. चहा दिला, तोही गार केला." पिशवीत लोकरीची टोपी होती आणि गुडघ्याचा पट्टा होता. बाई गेली तरी मी ती टोपी हातात घेऊन दारातच उभा होतो.

भिंगरी, ती तू होतीस. तुझ्या आईहून तू आता कितीतरी मोठी झालीस, तुझे केस पिकले, आणि ते पिकताना मी पाहिले नाहीत, म्हणून ओळखलं नाही. इतक्या वर्षांनी तू आपणहून आलीस आणि मी तुला दुसऱ्याच नावानं बोलावलं. तू काय ऐकलंस ते मला समजतंय. तू ऐकलंस की हे दार तुझ्यासाठी उघडं नाही. ते तसं नव्हतं एवढं सांगायला हे पत्र लिहायला बसलो, आणि सांगायला लागल्यावर समजलं की ते बरंचसं तसंच होतं. फाटकाबाहेर उभं राहून तुला नेहमी उलटी अक्षरंच दिसली. हे पत्र दोन दिवसांपासून लिहितोय, काल मध्येच थांबून सेक्रेटरीणबाईला बोलावलं आणि मी संमती दिली. तिनं दोनदा विचारलं, "आजोबा, नक्की ना?" मी म्हटलं, नक्की. तुझ्या आईची भीती अजून वाटते. पण ती हुशार होती, पाण्याच्या बाजूनं आली तरी उलटं वाचून घेईल, आणि रागावली तर माझ्यावर रागावेल, तुझ्यावर नाही. पुढच्या महिन्यात गवंडी येणार आहे, तेव्हा काही दिवस नुसते खांब असतील, दारं नसतील, मग पाळीही नाही. ते दिवस मी तुझ्याकडे येऊन राहीन, खाट अजून असली तर. की तूच इथे येतेस? तू सांगशील तसं. आलीस तर दिवसाउजेडी ये, आणि मी तुला भिंगरी म्हणूनच हाक मारीन. फक्त हाक ऐकून लगेच वळू नकोस, बाळ. मला बाकावरून उठायला वेळ लागतो. तेवढा वेळ थांब.

तुझाच,
बाबा